तुम्ही विचारलंत म्हणून : कनूने १०० किलोमीटरला किती दिवस?

बडोद्यात रावपुरा-दांडिया बाजारातल्या ज्यांची मुलं टोरांटोकडे आहेत, ते तिकडे निघण्याआधी हमखास विचारतात : कॅनडातल्या अल्गोंक्विन पार्कात कनूने, म्हणजे वल्ह्याच्या हलक्या अरुंद नावेने, १०० किलोमीटर जायचं तर दिवस किती धरायचे?

आधी वल्हवणं बाजूला ठेवा आणि पोर्टेज मोजा. दोन सरोवरांच्या मधे, किंवा नदीचा खळाळ चुकवायला, नाव आणि सामान खांद्यावर घेऊन चालायची ती वाट. तिथल्या नकाशावर प्रत्येकीचे मीटर छापलेले असतात, पण खरा हिशोब खेपांचा. एका खेपेत सगळं गेलं तर १ किलोमीटरची वाट १ किलोमीटरच. दोन खेपांना ३, कारण मधे रिकामं परत यावं लागतं. तीन खेपांना ५.

समजा वाटेत १२ पोर्टेज, मिळून ८ किलोमीटर. दोन खेपांत २४ किलोमीटर चाल. दगड-चिखलातून ताशी ३ म्हणजे ८ तास. सामान उतरवणं-चढवणं दर पोर्टेजला अर्धा तास : ६ तास. उरलेले ९२ किलोमीटर ताशी ४ ने २३ तास. एकूण ३७. रोज ६ तासांनी ७ दिवस, वाऱ्यासाठी एक राखीव, असे ८ धरा. ओपिओंगोसारखं मोठं सरोवर सकाळीच ओलांडायचं; दुपारी लाटा उठतात.

नाव हलकीच घ्या, भाडं जास्त पडलं तरी. केव्हलार या मजबूत कृत्रिम धाग्याची १७ फुटी नाव २० किलोच्या आसपास, ॲल्युमिनियमची ३० च्या वर. मधल्या आडव्या दांड्याला मानेसाठी खाच असते, बैलाच्या जूसारखी. नाव उलटी खांद्यावर, पुढचं टोक जरा वर, म्हणजे वाट दिसते. वल्ही आतच बांधा. सुटी वस्तू हातात राहिली की तिसरी खेप झालीच.

कोरडा शिधा माणशी रोज ७०० ग्रॅम : दोघांना ८ दिवसांचे ११ किलो. डाळ-तांदूळ, पोहे चालतात. खाण्यापिण्याच्या, वापरून टाकायच्या डबे-बाटल्यांना तिथे बंदी आहे. पहिल्या दिवशी ओझं सगळ्यांत जड, म्हणून लांब पोर्टेज सुरुवातीला येईल असा मार्ग आखू नका.

सराव? इथल्या विश्वामित्री नदीत मगरी, तेव्हा पाण्यातला सराव तिकडेच. ओझ्याचा मात्र इथेच करा. रोपवे सोडून माचीपासून पावागढ चढा, पाठीवर १५-२० किलो घेऊन. उतरतानाही ते उतरवू नका. गुडघे उतारावरच बोलतात.