कापडातून मींड

बेळगावच्या शहापूर-वडगाव भागात मागाचा खडखडाट ऐकत वाढलेल्या माणसाला वाद्य करावंसं वाटलं, तर ते कापडाचंच सुचणार. कापडावरून हात फिरवला की सूर सरकावा, एवढीच कल्पना होती.

ओळखीच्या विणकर काकांकडे वीज वाहून नेणारा स्टीलचा दोरा घेऊन गेलो. यंत्रमागाच्या वेगात तो टिकेना, म्हणून त्यांनी घरातला जुना हातमाग काढला. दोरा ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत नको, फणीत घासून जाईल, बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत घालू, हे त्यांनीच ठरवलं. पण कांडी सलग चालवली तर अख्खं कापड एकच तार होणार. म्हणून दोन बोटं स्टील, मग सुती पट्टा, पुन्हा स्टील, आणि दर पट्ट्याला दोरा तोडायचा. "साडीला काठ असतोय, ह्याला नुसते काठच की रे," काका म्हणाले. स्टीलला सोल्डरचा डाग नीट धरत नाही. वायरी टिचबटणांनी जोडल्या.

हाताची चाहूल मोजणाऱ्या एमपीआर१२१ या चिपला १२ पट्ट्या जोडता येतात. बारा पट्ट्या, बारा स्वर, हिशेब लगेच जुळतो. पण मग ती पेटीच झाली. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी इथून जवळ, आणि आपण बटणं दाबत बसायचं? मला एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणारी मींड हवी होती. म्हणून 'हात लागला की नाही' हे न विचारता चिपकडून कच्चं माप घेतलं आणि हात जवळ येईल तसा सूर सरकेल असं प्युअर डेटा या आवाज घडवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधलं. मिडी या वाद्य-संगणकांच्या भाषेतल्या साध्या कंट्रोल संदेशात १२८ पायऱ्या असतात, त्यात सूर ठेचकाळतो. सूर वर-खाली सरकवणाऱ्या पिच बेंड संदेशाला १६,३८४ मिळतात.

खरी गंमत पावसात. माप हळूहळू बदललं की चिप त्याला हवेतला फरक समजते आणि पुसून टाकते. मींड घेणारा हातही हळूहळूच येतो. म्हणजे मनापासून घेतलेली मींड तिच्या लेखी आषाढ! ती सोय बंद केली, तर बेळगावचा पाऊस थेट सुरात शिरला. कापड दमट झालं की कुणी हात न लावताच सूर हलायचा. शेवटी कडेची एक पट्टी हात पोचणार नाही अशी मागे ठेवली. ती फक्त हवा मोजते, आणि तिचं माप बाकीच्यांतून वजा होतं. अकरा उरल्या, पुरेत.

लॅपटॉप चार्जरवर असताना आणि बॅटरीवर असताना मापं वेगळी येतात. जाड चप्पल घातलेल्याचा हातही अनवाणी माणसापेक्षा कमी लागतो. गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये सगळे फरशीवर अनवाणीच, त्यामुळे तिथं झकास चाललं. घरी आई स्लिपर काढत नाही; तिच्यासाठी वेगळं माप साठवून ठेवलंय.