लकवा तर बरा झाला

पेशंटचं स्ट्रेचर दारात अडकलेलं असतं, पण नातेवाइकांचं निदान आधीच आत पोचलेलं असतं. ‘लकवा मारलाय, लगेच एमआरआय करा!’ सत्तरीच्या आजी, उजवा हात-पाय लुळा, वाचा बंद, अंग घामानं चिंब. जेमतेम तास झालेला, म्हणजे गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत हातात होती. पण आमच्या सिस्टरनी आरडाओरड्याला भीक न घालता आधी बोटाला सुई टोचली. शुगर ३१, म्हणजे धोक्याइतकी कमी.

२५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे शिरेतून द्यायचं साखरेचं पाणी, १०० मिली. औषध दाट, म्हाताऱ्या माणसाची शीर सांभाळत हळूहळू सोडावं लागतं. ते संपायच्या आत बोटं हलली. थोड्या वेळानं आजींनी विचारलं, ‘चंद्र उगवला का?’

संकष्टी होती. दिवसभर पोटात काही नाही, मधुमेहाची ग्लायबेनक्लामाइडची गोळी मात्र वेळेवर. क्रिएटिनिन २.४, म्हणजे किडनी थकलेली. मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर स्ट्रिपा देत राहिला, किडनी कुणी तपासलीच नाही.

नुसता उपास मेंदू निभावून नेतो. चेतापेशींना साखर आत घ्यायला इन्सुलिन लागत नाही. यकृत साखर सोडतं, पुढं चरबीतून कीटोन बनवून देतं. पण गोळीनं स्वादुपिंडाकडून जबरदस्तीनं काढून घेतलेलं इन्सुलिन हे दोन्ही नळ बंद करतं. उपाशी पडतो अख्खा मेंदू, लुळी पडते एकच बाजू. हे का, ते अजून मला नीट पटवून घेता आलेलं नाही.

शुगर १८० दिसली आणि मुलगा भडकला, ‘डायबेटिसवाल्याला साखर चढवलीत?’ लगेच घरी न्यायचा हट्ट. अशा किडनीत ही गोळी दिवसभर रेंगाळते. पहाटे शुगर पुन्हा ५४, तेव्हा आवाज खाली आला.

सुनेनं सांगितलेलं मात्र डोक्यातून जात नाही. वर्षभर आजी विसरतात, पहाटे काहीबाही बरळतात, चहा-बिस्किटानंतर ठीक. ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलेलं. मेंदूत इन्सुलिनचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप घेणारे रेणू, असतात हे १९७८पासून माहीत आहे. आठवणी सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये ते भरपूर. अल्झायमरला ‘टाइप ३ डायबेटिस’ म्हणायची टूम २००५मध्ये निघाली. नाकातून इन्सुलिन फवारूनही पाहिलं; २०२०च्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. आजींच्या विसरण्यात मधुमेहाचा वाटा किती आणि पहाटे गुपचूप उतरणाऱ्या शुगरचा किती?

गोळी बदलली, स्मरणशक्तीच्या तपासणीला बोलावलं. कुणी आलं नाही. फोन केला तर मुलगा म्हणतो, ‘आता कशाला, डॉक्टर? लकवा तर बरा झाला.’