विरजणच खोटं होतं

मंडळी, पाचव्या बॅचला एकदाचं जमलं! कॅरमल भरलेल्या चोवीसपैकी बावीस चॉकलेटं कोरडी निघाली, आणि आज तिसरा दिवस, डब्यातला बटर पेपर अजून चिकटलेला नाही.

मागच्या वेळचं रडगाणं तुम्ही ऐकलंच आहे. मोल्डमधून काढतानाच बुडाशी कॅरमलचा थेंब, आणि दुसऱ्या दिवशी अख्खा ट्रे चिकट. सासूबाईंनी एक उचलून उलटं करून पाहिलं. "काऊन वं, हे तं गळूनच राहिलं. पाक कच्चा राहिला तुझा." मलाही तेच वाटलं. जन्मभर चिक्की करणारी बाई आधी पाकावरच संशय घेणार ना. १०८ अंशांवर उतरवत होते ते ११२ केलं, मग ११५, मग थेट ११८, म्हणजे आपला गोळीबंद पाक. गळणं मंदावलं, थांबलं नाही. वर ह्यांच्या दाढेतलं सिमेंट निघालं. थर्मामीटरही तपासला. उकळत्या पाण्यात ९९ दाखवतो. आपण समुद्रसपाटीपासून तीनेकशे मीटर वर, म्हणजे तो बिचारा खरंच बोलतोय.

मग वैतागून एका संध्याकाळी कॅरमल न भरता नुसते शेल, म्हणजे चॉकलेटच्या रिकाम्या वाट्या, ओतले. तेही मोल्डमधून सुटेनात! लाटण्याने ठोकले तेव्हा निम्मे तुटून आले, अंगावर राखाडी रेघा. टेंपरिंग (चॉकलेट वितळवून, मोजून गार करत नीट जमवणं) बरोबर असेल तर चॉकलेट आकसून आपोआप सुटतं. म्हणजे शेलच कच्चे होते, कॅरमलचा यात काही दोषच नव्हता.

फेब्रुवारीत मागवलेलं ते कूव्हर्चर (मोल्डिंगचं चॉकलेट) आठवतं? वाटेत वितळून पुन्हा थिजलेलं. त्या दुकानदाराने आइस पॅकचे पैसे वेगळे घेतले आणि पाठवली कोमट पाण्याची पिशवी. तेव्हा मीच इथे शहाणपणाने लिहिलं होतं की माल वाया जात नाही, वितळवायचंच तर आहे. ते खरंही आहे. पण मी त्याचाच कीस सीड म्हणून, म्हणजे विरजणासारखा, घालत होते! सीडचं काम नीट जमलेले क्रिस्टल देण्याचं, आणि ते त्या मालात उरलेच नव्हते. विरजणच खोटं, तर दही लागणार कसं?

दिवाळीत नागपूरला इतवारीतून आणलेल्या डार्क स्लॅबचा तुकडा उरला होता, अजून कडकन मोडणारा. पहाटे चारला उठले, स्वयंपाकघरात २१ अंश. कूलर बंद. (चौथ्या बॅचवरचा खरखरीत पांढरा थर ओल्या बोटाने विरघळला होता, म्हणजे शुगर ब्लूम, दमटपणाने वर आलेली साखर. कूलरची दमट हवा आपल्याला गार करते, चॉकलेटला मारते.) ४५० ग्रॅम कूव्हर्चर ४५ अंशांवर वितळवलं, त्यात स्लॅबचा १५० ग्रॅम कीस घालून ३१ पर्यंत हलवत आणलं. सुरीचं टोक बुडवून ठेवलं. चार मिनिटांत थिजलं, वर चकाकी! तिथेच मी चहा ठेवला.

कॅरमल परत ११० वर आणलं आणि २८ अंशांपर्यंत निवल्यावरच भरलं, काठाच्या दोन मिलिमीटर खाली. जी दोन गळली ती मीच हावरटपणे काठोकाठ भरलेली. वर चॉकलेटचं झाकण ओतून (कॅपिंग करून) थिजल्यावर मोल्ड उलटा केला, तर गारा पडाव्यात तसा टपटप आवाज. या दिवसांत गारांचं नाव काढू नये, बागेत मृग बहराचा संत्रा अजून झाडावर आहे. पण आवाज अगदी तसाच.

पुढची बॅच गुळाच्या कॅरमलची ठरली होती. काल थोडं करून पाहिलं तर गुळाच्या आंबटपणाने साय फाटली. त्याचं नंतर बघू. आणि आत्ता संत्र्याचं लिहिताना डोक्यात आलं, संत्राच का नको? रस नाही, त्याने पाणी वाढेल. सालीचा वरचा केशरी कीस गरम क्रीममध्ये अर्धा तास भिजवायचा आणि गाळून घ्यायचा. पांढरा भाग अजिबात नको, कडू होतो. गूळ रद्द, रविवारी हेच.

आणि हो, परवाच्या चॉकलेटमधली एक वडी पुढच्या सीडसाठी वेगळी काढून हवाबंद डब्यात ठेवली आहे. घरात कोणी फस्त करू नये म्हणून डब्यावर चिठ्ठी लावलीय, 'कडू काढा'.