कॉलेजला व्हिडिओ हवा होता, पोरांना बसची वेळ

फोन नागपुरातल्या माझ्या जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजमधल्या एका तरुण प्राध्यापिकेचा होता. नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची, तयारी चालू आहे, माजी विद्यार्थ्यांची यादी अद्ययावत करायची आहे, तर सर तेवढा फॉर्म भरून द्या. ज्या कॉलेजात आपण रोल नंबर होतो तिथून 'सर' अशी हाक आली की समजावं, काम निघालंय. नॅकच्या निकषांत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला जागा आहे. संघटना नोंदलेली आहे का, पैशाच्या रूपात मदत किती आली, हे कॉलेजला दाखवावं लागतं. त्यामुळे दर काही वर्षांनी आमची आठवण उफाळून येते. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, पण माहीत असलेलं बरं.

फॉर्ममध्ये योगदानाचे पर्याय होते: देणगी, व्याख्यान, इंटर्नशिप, नोकरी. मी नागपूरजवळ बुटीबोरीत कारखान्यात आहे, इंटर्नशिपवर खूण केली. खाली 'इतर' होतं, तिथे लिहिलं की प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलांशी बोलायला आवडेल.

यावर उत्तर लवकर आलं. दोन मिनिटांचा व्हिडिओ करून द्या, ब्लेझर असेल तर उत्तम. सोबत बोलायची वाक्यंही आली होती. त्यात 'सर्वांगीण विकास' दोनदा होता. मी नम्रपणे नाही म्हटलं आणि उलट मागणी केली: सावनेर, काटोल, उमरेड या नागपूरच्या आसपासच्या भागांतून आलेली तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं मला जोडून द्या. आधी त्यांना विचारा, हो म्हणतील त्यांचेच नंबर पाठवा. कारण सोपं आहे. मला माझ्या वेळचं कॉलेज माहीत आहे. तेव्हाचे निम्मे शिक्षक निवृत्त झाले, मेस बदलली, माझ्या काळी नसलेल्या शाखा आल्या. दहा-पंधरा वर्षांपूर्वी पास झालेला माणूस 'आमचं कॉलेज कसं आहे' हे छातीठोकपणे सांगत असेल, तर तो आठवणी सांगतोय. प्राध्यापक बाईंना हे लगेच पटलं. वरून परवानगी मिळवायला मात्र त्यांना बरंच झगडावं लागलं असावं, कारण मधे बरेच दिवस काहीच निरोप नव्हता.

शेवटी बसलो ते सावनेरच्या एका अभ्यासिकेत, रविवारी सकाळी. राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, सीईटीचा, निकाल लागला होता, कॉलेजांची पसंती भरायचे ऑप्शन फॉर्म अजून उघडायचे होते. हीच वेळ योग्य. फॉर्म भरून झाल्यावर सल्ला देणारे गावात पुष्कळ असतात. बारावीचे पोट्टे, काहींचे वडील, एकीची आई आणि आमच्याकडून मी अन् तिसऱ्या वर्षाची दोन मुलं.

माझी अपेक्षा होती की शाखांबद्दल विचारतील. पहिला प्रश्न आला, "दादा, सकाळची एसटी पकडली तर पहिलं लेक्चर मिळते का?" दुसरा, मराठी माध्यमातून आलेल्याला पहिल्या सेमिस्टरला समजते का. तिसरा, हळूच, बॅकलॉग राहिला तर स्कॉलरशिप जाते का. यातलं मला काहीच धड सांगता आलं नसतं. तिसऱ्या वर्षाची मुलगी बोलत होती आणि सगळे तिच्याकडे वळून बसले होते. नागपुरात गणेशपेठ स्टँडला उतरून पुढे शहर बस धरायची, पावसाळ्यात अर्धा तास जास्तीचा धरायचा, गणिताचा पहिला पेपर अवघड जातो पण इंग्रजीमुळे नाही. मी तोवर चहाचं बघितलं.

माझ्या वाट्याला कागद वाचायचं काम आलं, आणि तिथे वयाचा थोडा उपयोग झाला. एका काकांना मुलाच्या सीईटीच्या गुणांवर व्हीएनआयटी, म्हणजे नागपूरची केंद्र सरकारची इंजिनिअरिंग संस्था, मिळेल असं कुणीतरी सांगितलं होतं. व्हीएनआयटीचा बी.टेक. प्रवेश जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेवर, जोसा या केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्यांतून होतो. निम्म्या जागा महाराष्ट्रासाठी असतात, पण सीईटी तिथे चालत नाही. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे नव्वद टक्के गुण नव्हेत, हेही दोघातिघांना समजावलं. मागच्या वर्षीच्या कटऑफच्या यादीत प्रवर्गाच्या आधी 'एल' असेल तर ती जागा मुलींची, 'जी' असेल तर सर्वसाधारण, एवढं कळलं तरी यादी वाचता येते.

सीईटीवरच्या सरकारी प्रवेशाच्या, म्हणजे कॅपच्या, फेऱ्यांचा नियम नीट सांगावा लागला. २०२५ च्या प्रवेशात चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत तुमचा पहिल्या क्रमांकाचा पर्याय लागला, की जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेरीत जाता येत नाही. दुसऱ्या फेरीत हेच पहिल्या तीन पर्यायांना, तिसरीत पहिल्या सहांना. म्हणजे 'बघू, वर काहीतरी टाकून ठेवू' हे चालत नाही. वरचे पर्याय मनापासून हवे असलेलेच लिहायचे. एका मुलाने तिथल्या तिथे वहीतला क्रम खोडला.

त्या आईचा प्रश्न फीचा होता. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार पूर्ण भरतं. मात्र प्रवेश कॅप फेरीतून झालेला हवा. तिला एका एजंटाने मॅनेजमेंट कोट्यातली जागा 'आत्ताच धरून ठेवा' म्हणून गळ घातली होती. ती धरली असती तर ही सवलत हातची गेली असती. तिला मी सांगितलं, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर आधी काढा, एजंटाला नंतर उत्तर द्या. द्यायचंच असेल तर.

प्लेसमेंटचं वडीलमंडळींनी विचारलंच. फ्लेक्सवरचं सर्वांत मोठं पॅकेज एका मुलाचं असतं. मी त्यांना एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीची, माहिती उघडून दाखवली. जी कॉलेजं त्यात भाग घेतात त्यांना किती जणांना नोकरी लागली आणि पगाराची मध्यमा किती, हे द्यावं लागतं, आणि ते कुणालाही वाचता येतं. मध्यमा म्हणजे पगाराप्रमाणे मुलं ओळीत उभी केली तर बरोबर मधल्याचा पगार. आमच्या कॉलेजचा आकडाही वाचला. फ्लेक्सवरच्यापेक्षा तो बराच खाली होता. सोबतच्या मुलाचा चेहरा जरा पडला, पण तो म्हणाला, "बरोबर आहे, आमच्या सीनियर्सला एवढंच मिळते."

एका मुलीला केमिकल हवं होतं, ते आमच्याकडे नाहीच. तिला अमरावती रोडवरच्या एलआयटीबद्दल, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटबद्दल, सांगितलं. १९४२ ची संस्था, आता स्वतःचं विद्यापीठ. माझ्या ओळखीची तिथली एक माजी विद्यार्थिनी होती, तिला विचारून नंबर दिला. हे नंतर आमच्या कॉलेजात पोचलं. एका वरिष्ठांनी फोनवर विचारलं, तुम्ही आपल्या कॉलेजसाठी गेला होता की दुसऱ्यांसाठी? मी म्हटलं, सर, जी मुलगी आपल्याकडे येणारच नव्हती ती गावात जाऊन सांगेल की त्या कॉलेजची माणसं खरं बोलतात. ते हसले नाहीत, पण पुढच्या वर्षी बंद करा असंही म्हणाले नाहीत.

त्यानंतर प्राध्यापक बाईंचा निरोप आला: नॅकच्या फायलीला उपक्रमाचा अहवाल आणि फोटो हवेत, उपस्थितांची यादी सह्यांसकट. फोटो मी काढलाच नव्हता. मुलांचे नंबर द्यायचे नाहीत हे आधीच ठरलं होतं, कारण त्यावर वर्षभर जाहिरातीचे फोन आले असते. एका पानाचा अहवाल लिहून दिला, त्यात विचारलेले प्रश्न जसेच्या तसे टाकले. बाई म्हणाल्या, एसटीच्या वेळेचा प्रश्न प्राचार्यांनी दोनदा वाचला, आणि आता पहिल्या वर्षाचं लेक्चर किती वाजता लावायचं यावर बैठक आहे.