तुम्ही विचारलंत म्हणून: खाणीशेजारच्या ओढ्याला झाडं कोणती लावायची?

पावसाळा तोंडावर आला की मला फोन सुरू होतात, कधी सोसायटीवाल्यांचे, कधी कंपनीच्या सीएसआरवाल्यांचे (म्हणजे समाजकामाचा पैसा बघणाऱ्यांचे), आणि प्रश्न ठरलेला, "ताई, पुण्याजवळ वाघोलीकडे (नाहीतर मोशीकडे) जुन्या दगडखाणीला लागून ओढा आहे, काठ पार उघडाबोडका झालाय, वृक्षारोपण करायचंय तर कोणती झाडं आणू?" मी म्हणते गवत आणा. मग पलीकडे जरा वेळ कोणी बोलत नाही, कारण बॅनर छापून झालेला असतो.

पण मी गंमत करत नसते हो. आपल्याकडचा दगड बेसाल्ट, काळा पाषाण, आणि त्यात एक बरं आहे, कोळशाच्या खाणीत गंधकवाली खनिजं हवापाण्याला उघडी पडली की पाणी आम्ल होतं आणि मग आधी त्याचंच निस्तरावं लागतं, ती भानगड इथे सहसा नाही. आपलं दुखणं वेगळं. खाण सुरू करताना वरची माती जेसीबीने ओरबाडून बाजूला लोटतात, ती बाजू म्हणजे बहुतेक वेळा ओढाच, दोनचार पावसाळ्यात ती माती वाहून जाते आणि काठावर उरतो मुरूम, आणि वरून क्रशरची डस्ट, म्हणजे दगड फोडायच्या मशीनची भुकटी. कधी एप्रिलमध्ये अशा ओढ्याच्या पात्रात उतरून बघा, राखाडी पापुद्रा धरलेला असतो, नखाने उचकटला तर पापडासारखा कडकन मोडतो आणि खाली सगळं ठणठणीत कोरडं. जूनमध्ये पाऊस पडतो तेव्हा पाणी त्यावर जिरतच नाही, नुसतं पळतं, आणि पळता पळता काठ कापत जातं. अशा ठिकाणी मुरमात खड्डा घेऊन रोप लावलंत तर तो खड्डा म्हणजे एक टाकी, जुलैत पाणी तुंबून मुळं कुजणार, त्यातून वाचलं तर मार्चमध्ये वाळून काटकी.

म्हणून आधी पाणी हळू करायचं. वरच्या अंगाला समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीत खणलेले चर, ओढ्यात जागोजागी खाणीतल्याच टाकाऊ दगडांचे कमी उंचीचे बांध, आणि काठ उभा कापलेला असेल तर मशीन लावून त्याला उतार द्यायचा. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळे पैसे इथेच लागतात, त्यामुळे बजेटमध्ये याला कोणी हात लावत नाही. त्यानंतर गवत. हरळी सगळ्यात आधी, कारण ती कांडीकांडीला मूळ धरत डस्टच्या पापुद्र्यावरून सरकत जाते आणि त्याला भेगा पाडते. काठाच्या वरच्या भागात मारवेल गवत, आणि पाण्याच्या कडेला वाळा, तोच माठात घालतो तो, त्याची मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात आणि काठ धरून ठेवतात. मध्ये मोकळ्या जागेत ताग किंवा धैंचा, ही हिरवळीच्या खताची पिकं, त्यांचं बी फेकायचं, फुलावर आली की तिथेच आडवी करायची.

आणि गवत ही काही माझी एकटीची खोड नाही. जानेवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्र सरकारला सांगितलं की खाणपट्ट्याच्या, म्हणजे खाणीसाठी जमीन देतानाच्या कराराच्या, अटींमध्येच घाला, काम थांबल्यावर खाणीची जागा आणि खाणीपायी बिघडलेली आसपासची जागा पुन्हा गवताखाली आणायची. वृक्षारोपण नाही, गवत! कागदावरची अट आणि वाघोलीचा ओढा यात किती अंतर आहे ते तुम्ही स्वतःच जाऊन बघा, मी काही बोलत नाही.

गवत धरलं की झुडपं. निर्गुडी मला फार आवडते कारण फांदी तोडून खुंट ठोकला की फुटते आणि शेळ्या तिला तोंड लावत नाहीत, आणि पुण्याच्या आजूबाजूला शेळ्यांचा विचार न करता केलेला प्लॅन म्हणजे शेळ्यांना जेवण. प्रत्यक्ष पात्रात, जिथे पुराचं पाणी अंगावरून जातं तिथे शेरणी, हे ओढ्यानदीच्या पात्रातलंच झुडूप, ती आडवी होते आणि पाणी ओसरलं की परत उभी. मग कुठे दोन-तीन वर्षांनी झाडं, करंज, उंबर, जांभूळ, आणि पाणी बारमाही असेल तर वाळुंज (पाण्याकाठचं झाड), त्याच्याही फांद्या लागतात. करंज हवेतला नत्र मुळांवाटे धरतो म्हणून मुरमाला चांगला, उंबर तर दगडाच्या फटीतून येतो आणि पक्षी-वटवाघळं बाकीच्या बिया फुकट आणून टाकतात.

गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावू का, हा पुढचा प्रश्न. टेकड्यांवर एवढं लावलंय की लोकांना तेच जंगल वाटतं. मान्य, ते कुठेही जगतं आणि पाला उत्तम खत आहे, पण एकदा दाटलं की खाली दुसरं काही येऊ देत नाही, ओढ्याकाठी नकोच. सुबाभूळ तर बी टाकून ओढ्याबरोबर थेट खालच्या गावापर्यंत पोचते. गुलमोहराबद्दल विचारूच नका.

कोणी म्हणतं वेताळ टेकडीवरच्या खाणीत बघा की, कोणी काही केलं नाही तरी पाणी आहे, पक्षी आहेत. अहो पण ती खाण आहे, तिथे पाणी साठून बसतं. ओढ्याचं पाणी धावतं, ते दर पावसाळ्यात तुमचं काम तपासून जातं.

तर आता या वर्षीचं. मारवेल आणि वाळ्याचे ठोंब, म्हणजे मुळांसकट झुबके, शेतकऱ्याच्या बांधावरून मागून आणा, चांगला पाऊस झाल्यावर लगेच लावा, नर्सरीतून ट्रकभर रोपं आणायची गरज नाही. गवताचं बी दिवाळीच्या आसपास पिकतं तेव्हा पुढच्या वर्षासाठी गोळा करा. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात झाडाखाली पडलेल्या मिळतात, त्या ठेवल्या तरी चालतात. जांभळाचं तसं नाही, बी वाळलं की संपलं, त्यामुळे जूनमध्ये जांभळं खाल्लीत की त्याच आठवड्यात पिशव्यांमध्ये लावून टाका, ती रोपं दोन-तीन वर्षांची होईपर्यंत काठ तयार होईल.