द्रासची बोफोर्स

जोझिला खिंड ओलांडेपर्यंत बायको डोळे मिटून बसली होती आणि मी उघडे ठेवल्याचा पस्तावा करत होतो. द्रास आलं तेव्हा दोघांचंही डोकं जड झालेलं. उंची साधारण 10,800 फूट. बाजारात एक मॅगी खाल्ली आणि कारगिलच्या दिशेनं निघालो. थोड्याच वेळात रस्त्याला लागूनच 1999 च्या कारगिल युद्धाचं स्मारक दिसलं. मागे तोलोलिंगचा डोंगर. फोटोत तो लांब वाटतो; इथं अगदी मानगुटीवर बसल्यासारखा. तिथं वर बसलेल्याला खालचा श्रीनगर-लेह रस्ता किती उघडा दिसत असेल, हे सांगायला नकाशा लागत नाही.

शहिदांच्या नावांच्या भिंतीपाशी गेलो, नावं वाचली. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

मग तोफेकडे आलो. बोफोर्स. आमच्या नाशिकरोडच्या घरात हा शब्द तोफेचा नव्हताच. 1987 मध्ये स्वीडिश रेडिओनं या तोफांच्या खरेदीतल्या लाचेची बातमी दिली आणि पुढची दोन-तीन वर्षं वाण्याकडून सुटे पैसे कमी आणले की काका विचारायचे, "काय रे, बोफोर्स केलंस का?" गंमत म्हणजे खरी तोफ आम्हाला शब्दाआधीपासून ऐकू यायची. देवळालीच्या रेंजवर फायरिंग सुरू झालं की आमच्या काचेच्या कपाटातल्या कपबशा किणकिणायच्या. पण हे दोन आवाज एकाच वस्तूचे असू शकतात, हे डोक्यात कधी आलंच नाही.

जवळून पाहिली तर नळी चांगली सहा मीटर लांब. तोंड 155 मिलिमीटर, म्हणजे वीतभराहून कमीच. मी वीत लावून बघितली. पण त्यातून जाणारा गोळा चाळीस किलोंच्या वर. मागचे दोन लांब पाय फाकवून जमिनीत रुतवायचे, म्हणजे धक्क्यानं तोफ मागे सरकत नाही. तिला स्वतःचं छोटं इंजिनही आहे. गोळे टाकून झाले की ट्रकची वाट न बघता थोडं अंतर आपली आपण सरकते. शत्रूनं आवाजाचा माग काढून उलट मारा करायच्या आत जागा सोडायची, एवढ्यासाठी.

माहिती सांगणारा जवान हिंदीत बोलत होता. त्यानं सांगितलेली एक गोष्ट मला नवी होती. एरवी तोफेला निशाण दिसतच नाही. पुढे बसलेला निरीक्षक रेडिओवरून सांगतो, तसा मारा होतो. इथं मात्र बोफोर्स रस्त्यालगत आणून, शिखर डोळ्यांनी बघून थेट डागल्या. 13 जूनला तोलोलिंग परत ताब्यात आलं, 4 जुलैला टायगर हिल. त्या उन्हाळ्यात तोफखान्यानं सगळ्या प्रकारचे मिळून अडीच लाखांवर गोळे आणि रॉकेट डागली. शेजारच्या पॉइंट 5140 ला 2022 मध्ये 'गन हिल' नाव दिलं, ते तोफखान्याच्या जवानांसाठीच. शिखरांवर तिरंगा लावणाऱ्यांचे फोटो आपण बघतो. खाली कानात बोळे घालून गोळे भरणारे कुणाच्या लक्षात राहतात?

आणि दलालीच्या त्या भानगडीपायी कंपनी काळ्या यादीत गेली, सुटे भाग मिळेनात, एका तोफेचे भाग काढून दुसरी चालवावी लागली. पैसे कुणी खाल्ले ते असो, पण खोळंबा मात्र गोळे भरणाऱ्यांचा झाला. मला तरी या सगळ्या प्रकरणात हेच जास्त लागलं.

आमचं मराठी ऐकून जवानानं विचारलं, "नासिक से हो क्या?" त्याचं ट्रेनिंग नाशिकरोड कॅम्पातलं. हवापाणी, द्राक्षं, पाऊस झाला का, असं पाच मिनिटं बोललो. मिसळीची आठवण त्यानंच काढली.

माझं प्रीपेड सिम लडाखात बंद पडलेलं, म्हणून रात्री कारगिलच्या हॉटेलातून वायफायवर आईला तोफेचा फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं: "हीच का ती, माझी बशी फोडणारी?"