'गीर सफारी'चं पॅकेज घेताय? आधी परमिटवरचं नाव वाचा

पॅकेजवर नुसतं 'गीर सफारी' छापलं असेल, तर ते देवळिया निघण्याची शक्यता मोठी. नागपुरात एका एजंटने आम्हालाही तेच विकलं. देवळिया म्हणजे साधारण ४१२ हेक्टरचं कुंपणातलं पार्क. तिथे सिंह जवळपास हमखास दिसतो, पण तसा कुंपणातलाच प्राणी बघायचा तर नागपूरचं गोरेवाडा प्राणिसंग्रहालय काय वाईट? खुल्या जंगलातल्या फेरीच्या परमिटवर 'गीर जंगल ट्रेल' असं लिहिलेलं असतं. ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नका.

खरी लूट माणशी दरात आहे. परमिट, जिप्सी आणि गाईड, तिन्हींचे पैसे गाडीमागे असतात आणि एका परमिटवर सहा जण बसतात. माणशी पैसे घेणारा एकच परमिट सहादा विकतो. वनविभागाच्या साइटवर स्वतः बुक करा. पत्त्याच्या शेवटी 'गुजरात डॉट जीओव्ही डॉट इन' नसेल तर ती साइट बंद करा. बुकिंगला दिलेलं ओळखपत्र मूळच न्या, झेरॉक्सवर भांडण होतं.

ताडोबाच्या तारखा इथे लावू नका. ताडोबाचा कोअर १ ऑक्टोबरला उघडतो, गीर १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद. दसरा त्याआधी आला की त्या सुट्टीत विकली जाणारी 'गीर सफारी' देवळियाचीच. ते पावसाळ्यातही चालू असतं, बुधवारी मात्र बंद.

नागपूरहून राजकोटला थेट जाणारी शालिमार–पोरबंदर गाडी रोज नसते. राजकोटहून जुनागढ, पुढे गीरच्या फेऱ्या जिथून निघतात ते सासण सुमारे ६० किमी.

सासणच्या आसपास रात्री कोणी 'शेतावर सिंह दाखवतो' म्हणालं, तर सरळ नकार द्या. त्यासाठी सिंहाला आमिष दाखवलं जातं आणि ते कायद्याने शिकारीतच मोडतं, शिक्षा तीन ते सात वर्षं. आयत्या खाण्याला आणि हेडलाइटला सरावलेला सिंह माणसाला बिचकत नाही, गोठ्यापर्यंत येतो. आमिषाच्या मढ्यावर गावची कुत्रीही येतात, आणि कॅनाइन डिस्टेंपर हा विषाणूचा आजार कुत्र्यांकडून सिंहांत जाऊ शकतो. २०१८ मध्ये गीरच्या दलखाणिया रेंजमध्ये २३ सिंह मेले, त्यात हा विषाणू सापडला होता. १९६८ च्या गणतीत १७७ सिंह होते, २०२५ मध्ये ८९१. पण निम्म्याहून जास्त गीरच्या मुख्य जंगलाबाहेर, शेतं, उघड्या विहिरी आणि रेल्वेरुळांच्या सोबतीने. आणि सगळे एकट्या सौराष्ट्रात, म्हणजे एक मोठी साथ पुरे. काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोला हलवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलं होतं. तिथे २०२२ मध्ये चित्ते आले, सिंह नाहीत. आले असते तर आपल्याला जवळही पडले असते.

फेरी सकाळची पहिली घ्या. मार्ग आपल्या पसंतीने मिळत नाही, त्यामुळे 'सिंहवाला रूट' मिळवून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. सोमनाथ, दीव पॅकेजमध्ये असतंच, त्यात फसण्यासारखं काही नाही.